रिकामा खिळा

लोकांना घाबरवणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की पाहुणेमंडळी आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "अन् लग्नाचं काय?" पस्तिशी उलटलेली मुलगी श्रीरामपुरात बापाजवळ बसून कॉम्प्युटरवर भुतांचे आवाज करते, हे त्यांना कसं पचावं? मलाच अजून नीट पचलेलं नाही.

मी गेमसाठी आवाज करते. गंजलेलं दार, ओल्या जमिनीवरची पावलं, कुणीतरी मागं उभं असल्यासारखा श्वास, असं सगळं. पुण्यातली एक मैत्रीण चित्रं आणि कोड बघते, गोष्ट आणि आवाज माझ्याकडं. ज्या गेमबद्दल लिहिते आहे तो आमचा पहिलाच मोठा गेम. बंद पडलेल्या साखर कारखान्यात एक मुलगी आपल्या बापाला शोधायला शिरते. एकेक कोडं सोडवत पुढं जायचं. वजनकाट्याचा आकडा जुळवायचा, वाफेचे व्हॉल्व्ह बरोबर क्रमानं फिरवायचे, कुणाचा बूट कुठं पडलाय यावरून तो कुठं पळाला असेल ते ओळखायचं. आणि मधेच भोंगा वाजला की जागच्या जागी थांबायचं, कारण तेव्हा वाफेतून कुणीतरी चालत येतं.

तो कारखाना मी डोक्यातून काढलेला नाही. त्याच्याच कॉलनीत मी वाढले. कुठला ते लिहीत नाही. आमच्या भागात बंद कारखान्यांना तोटा नाही, कुठलाही धरा. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथं बॉयलरवर होते. कारखाना बंद पडला, कॉलनी सुटली, आम्ही श्रीरामपुरात आलो, आई गेली. मग अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आजचा वार. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं आणि घरात कुणीतरी कायम असू द्या म्हणाले. कायम असायला मी होतेच.

कारखाना मात्र ते विसरले नव्हते. आठवड्यातून दोनदा तरी त्यांना पाळीची आठवण व्हायची. मग रिकामा स्टीलचा डबा कापडी पिशवीत घालून, चपला घालून, ते दारात उभे. "भोंगा झाला का ग?" मी म्हणायचे, "आज सुट्टी हाय अण्णा." मग ते मान हलवून डबा पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवायचे. डब्याशिवाय अण्णा उभ्या आयुष्यात कधी कामावर गेले नाहीत. हे लक्षात ठेवा, मी ते विसरले होते.

गेमसाठी भोंगा हवा होता आणि खरा भोंगा तर कधीच भंगारात गेला. मग मी अण्णांनाच विचारलं. तो हिवाळा मी जन्मात विसरणार नाही. कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून तिचा वेग कमी केला, तिच्याखाली शंख ठेवला, त्याखाली पिठाच्या गिरणीची घरघर. अण्णांच्या कानाला हेडफोन लावायचे आणि ते परीक्षकासारखे डोळे मिटून ऐकायचे. "न्हाई. आनखी खालनं यायचा. आदी पोटात वाजायचा, मंग कानात." मी पुन्हा बदल करायचे. "आता लई साफ झाला. आमच्या भोंग्याला जरा खोकला हुता." दोघंही हसायचो. जो माणूस सकाळी काय खाल्लं ते सांगू शकत नव्हता तो भोंग्याचा खोकला मात्र हुबेहूब काढून दाखवायचा. शेवटी एक दिवस त्यांनी हेडफोन काढले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ह्योच." त्यांचे डोळे भरले होते. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मला कोडं हवं होतं. शेवटचं, सगळ्यात भीतिदायक कोडं. आणि ते आमच्या घरातच होतं.

मी ते आईकडून ऐकलेलं. तिनं एकदाच सांगितलं होतं, मटार सोलता सोलता, आणि वर बजावलं होतं की अण्णांपुढं हा विषय काढायचा नाही. कारखान्याच्या फाटकाजवळ टाइम ऑफिस होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठी लाकडी फळी, फळीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली रंगानं नंबर. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला आपापल्या खिळ्याला लटकत असायचा. आत जाताना तो काढून घ्यायचा, बाहेर येताना परत अडकवायचा. म्हणजे ज्याचा खिळा रिकामा, तो माणूस आत. पाळीचा भोंगा एकच लांब असायचा. अपघात झाला तर तुटक तुटक, सात वेळा. तुटक भोंगा ऐकला की कॉलनीतल्या बाया हातातलं टाकून, अनवाणी, त्या फळीकडं पळायच्या. आपला नंबर रिकामा आहे का तेवढं बघायचं.

अण्णांचा नंबर दोनशे चौदा. माझ्या वेळी आई सात महिन्यांची होती. डोहाळजेवण ठरलेलं, आणि गळीत हंगामात सुट्टी कोण देतो? मग सगळे करायचे तेच अण्णांनी केलं. त्यांचा धाकटा भाऊही कारखान्यातच, दुसऱ्या पाळीला. तो म्हणाला, मी तुमच्या बिल्ल्यावर सकाळची पाळी मारतो, तुम्ही संध्याकाळी माझ्या बिल्ल्यावर या. टाइम ऑफिसात नंबर जुळला की झालं, तोंड कोण बघतं? अण्णा आईला न सांगताच फुलांचे दागिने आणायला श्रीरामपूरला गेले. अकराच्या सुमारास वाफेची मोठी नळी फुटली. आई पोट सावरत फळीशी गेली. दोनशे चौदाचा खिळा रिकामा होता. ती तिथंच खाली बसली. बायांनी तिच्या बांगड्यांकडं बघायलाही सुरुवात केली होती. अन् तासाभरानं समोरून अण्णा आले, हातात फुलांची पिशवी. आई म्हणाली, "तुला खरं सांगू, मी आदी हसले ग. नवरा जित्ता दिसला म्हणून मोठ्यानं हसले." आणि मग तिनं अण्णांचा चेहरा पाहिला. ते फळीकडं, आपल्या रिकाम्या खिळ्याकडं बघत होते.

काकांना मी फक्त फोटोत पाहिलं आहे. नुकतंच मिसरूड फुटलेलं, पँटला मोठा बेल्ट. आणि त्यांच्या अंगावर सापडलेला बिल्ला अण्णांनी ट्रंकेत, फडक्यात बांधून ठेवला होता.

हे सगळं मी गेममध्ये घातलं. विचारलं नाही कुणाला. शेवटी ती मुलगी फळीपर्यंत पोचते, एकच खिळा रिकामा असतो, आणि तो नंबर तिच्या स्वतःच्या मुठीतल्या बिल्ल्याचा निघतो. मैत्रीण फोनवर ओरडलीच, "अगं, काटा आला अंगावर!" मला गुदगुल्या झाल्या. बिल्ल्याचे फोटो हवेत म्हणाली म्हणून मी ट्रंकेतून तो काढला, फोटो पाठवले आणि परत ठेवला नाही. लिहायला लाज वाटते, पण मी तो माझ्या स्कूटीच्या किल्लीला अडकवला. छान दिसत होता.

अपघाताचा भोंगा मी एकटीनं केला. अण्णांनी पास केलेलाच आवाज घेतला, सात तुकडे केले. तेव्हाही एवढी अक्कल होती की हे हेडफोनवरच ऐकायचं. पण त्या दिवशी दुपारी मैत्रिणीचा निरोप आला की मोठ्या स्पीकरवर कसा वाटतो ते बघ, खोलीत घुमायला हवा. अण्णा जेवून आतल्या खोलीत झोपले होते. मी दार ओढून घेतलं आणि स्पीकर लावला. एकदा वाजवला. घुमत नव्हता. थोडा बदलला, पुन्हा वाजवला. पाच-सहा वेळा तरी वाजवला असेन. शेवटच्या वेळी खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मी खुर्चीतच टाळी वाजवली.

चहा टाकायला उठले तर बाहेरचं दार सताड उघडं होतं. आतला पलंग रिकामा.

याआधी अण्णा दोनदा हरवले होते. दोन्ही वेळा बेलापूरच्या रस्त्याला सापडले, कारण त्यांचा जन्म बेलापूरचा, आणि डोकं फिरलं की ते म्हणायचे, आईकडं जातो. म्हणून मी दुसरा विचारच केला नाही. शेजारच्या चाचींना हाक मारली, घरात बसा म्हटलं, ते परत आले तर धरून ठेवा. आणि स्कूटी काढून बेलापूरकडं सुटले. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॉलीच्या पलीकडं मला वाटायचं, पांढरा सदरा दिसला. वेशीपाशी विचारलं, नदीच्या घाटावर उतरले, जुन्या घराच्या गल्लीतल्या प्रत्येक दारात विचारलं. ज्याला त्याला मोबाईलमधला फोटो दाखवला. "ह्ये बाबा? न्हाई बाई." प्रवरेच्या पाण्याकडं बघायची हिंमत होत नव्हती, तरी काठाकाठानं चालत गेले, कारण न बघून कसं चाललं असतं? मी मोठ्यानं हाका मारत होते. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, आणि आवाज ओळखणं हे माझं काम.

असा दीड तास गेला. मग चाचींचा फोन आला. सापडले का, म्हणून विचारायला. मी नाही म्हटलं आणि रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको बेटा. लांब नसतील गेले. चप्पल हितंच हाय त्यांची. डबा बी ओट्यावरच हाय."

मी घाटाच्या पायरीवर तशीच उभी राहिले. डबा ओट्यावर. चप्पल दारात. वर्षभर मी लोकांसाठी कोडी रचत होते, कुणाचा बूट कुठं पडला यावरून तो कुठं पळाला ते ओळखा म्हणून. आणि माझ्या घरातली चप्पल मला दिसली नाही. आईकडं जाणारा माणूस चपला घालून जातो. पाळीला जाणारा डबा घेऊन जातो. अनवाणी माणूस एकाच भोंग्याला पळतो, आणि तो भोंगा मीच वाजवला होता. खोलीत घुमेपर्यंत वाजवला होता.

कारखाना बेलापूरच्या बरोबर उलट्या दिशेला. मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी देवाशी भांडत होते. गेम नको, काही नको, पुन्हा आवाजाला हात लावणार नाही, पण त्यांना ट्रॉलीखाली घालू नको. मग वाटलं, हे तरी मनापासून म्हणते आहे का? काल याच वेळी मी मनात पैज मारत होते की हा भोंगा ऐकून लोक खुर्चीतून उडतील.

फाटकाशी म्हातारा वॉचमन उभा होता. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "तुमचंच का ते? ट्रॅक्टरवाल्यानं सोडलं हितं. मला वाटलं जुना कामगार हाय, येत्यात असे बघाया. पन त्ये तर दार तोडाया लागलं. म्हनलं, आत कोन न्हाई बाबा, तर माझ्याच अंगावर आलं."

ऊन कललं होतं. टाइम ऑफिसचे पत्रे गेलेले, भिंतीतून पिंपळ फुटलेला, पण फळी जागेवर होती. जाड सागवानी, भिंतीत बसवलेली, म्हणून कुणाला उचलता आली नसावी. नंबर फिके झाले होते तरी वाचता येत होते. बिल्ले एकूण एक गेलेले. अण्णा तिच्यासमोर उभे होते. पायांना रक्त, हाताची बोटं सोललेली, सदरा घामानं चिकटलेला. मी मागून हाक मारली. ते वळले नाहीत.

"एक बी बिल्ला न्हाई," ते म्हणाले. "बघ की. समदे आत हायेत."

मी फळीकडं पाहिलं. शेकडो रिकामे खिळे, ओळीनं. माझ्या गेममध्ये मी एकच ठेवला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा भयंकर काही असूच शकत नाही.

मी त्यांचा हात धरला. तो ताठ होता. मी म्हटलं, "अण्णा, कारखाना बंद आहे. कुणी आत नाही. अपघात नाही झाला. तो भोंगा मी केला, अण्णा. घरी, कॉम्प्युटरवर. मीच वाजवला. माझं चुकलं." मी ते सगळं एका दमात सांगितलं, पाया पडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग धाकल्याला का न्हाई आनलं भायेर?"

मी त्यांना फळीपासून ओढायला लागले.

"माझ्या बिल्ल्यावर गेलाय त्यो," अण्णा म्हणाले. आता ते मला सांगत नव्हते, फळीला सांगत होते. "पाळी माझी हुती. मी फुलं आनाया गेल्तो. वाफ बंद करा म्हनावं कुनीतरी. त्यो माझ्या बिल्ल्यावर गेलाय." आणि ते पुन्हा बंद दाराकडं निघाले. त्यांच्यात एवढं बळ कुठून आलं होतं कोण जाणे. वॉचमन आणि मी दोघांनी धरलं तरी आवरेनात. ते दारावर मुठी आपटत काकांना हाका मारत होते. ती हाक मी घरात कधीच ऐकली नव्हती. मला वाटलं, त्यांचं काळीज आता इथंच थांबणार, माझ्यासमोर, आणि ते मी केलेलं असणार.

स्कूटीची किल्ली माझ्या मुठीत होती. बिल्ल्याची कड तळहातात रुतत होती म्हणून तो आठवला. कडी निघेना, नख तुटलं, शेवटी दातांनी उघडली. मी फळीवर दोनशे चौदा शोधला आणि बिल्ला खिळ्याला अडकवला. पितळेचा लाकडावर टक् असा आवाज झाला.

अण्णा थांबले.

ते हळूहळू फळीपाशी आले. नंबरावरून बोट फिरवलं, मग बिल्ल्यावरून. दोन-तीनदा फिरवलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आला व्हय भायेर?"

"आला, अण्णा."

"भाजला का लई?"

"न्हाई. कायबी झालं न्हाई त्याला."

"मंग हाय कुठं?"

"घरी गेलाय. भूक लागली म्हणाला."

अण्णा पायरीवर बसले. गुडघ्यात तोंड घालून रडले. आई गेली तेव्हाही असे रडले नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची किळसही येत होती. खोटं बोलून मी त्यांच्या भावाला जिवंत केलं होतं. पुढं काय, याचा विचार तेव्हा सुचला नाही.

निघताना मी सवयीनं बिल्ल्याकडं हात नेला. अण्णांनी मनगट घट्ट धरलं. "काढू नको. काढला की आत जाईल त्यो." म्हणून बिल्ला तिथंच ठेवला. वॉचमनच्या हातापाया पडून सांगितलं की कुणाला काढू देऊ नका. तो हो म्हणाला. भंगारवाले कधी ना कधी नेतीलच. ट्रंकेतलं फडकं मी अजून घडी करून ठेवलं आहे.

भोंग्याच्या दोन्ही फाइली मी त्याच आठवड्यात पुसल्या. लांब भोंगाही, अण्णांचा तो खोकणारा. मैत्रीण म्हणाली, अगं तोच तर जीव होता गेमचा. मी म्हटलं, माहीत आहे. गेम अडकून पडला आहे. पुढं होईल की नाही, माहीत नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर चाचींनी गरम पाण्यानं अण्णांचे पाय धुतले, मी भाकरी केल्या. अण्णा ताटावर बसले आणि घास न घेता दाराकडं बघत राहिले. म्हणाले, "धाकला कुठंय? भूक लागली म्हनला हुता ना?" मी काहीबाही सांगितलं, बाहेर गेलाय, येईल. ते म्हणाले, येऊ दे. ताटातलं सगळं गार झालं. त्यांनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारी तेच. सगळं विसरणारा माणूस, पण मी सांगितलेलं एवढं एक खोटं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तिसऱ्या दिवशी उठून उभं राहताना त्यांचा तोल गेला. मी त्यांना बसवलं आणि तशीच मोरीत गेले. मला एकच काम येतं, मी तेच केलं. नळ सोडला. बादलीत नाही, फरशीवर, पाणी हातांवरून उडावं तसं. तांब्या एकदा कठड्यावर ठेवला, एकदा उचलला. मोठ्या माणसानं गळा साफ करावा तशी खाकरले.

"आला का ग?" अण्णांनी बाहेरून विचारलं.

"आला, अण्णा. हात धुतोय. तुम्ही सुरू करा."

आता हे रोज दोनदा करते. दोन ताटं वाढते, मोरीत जाते, नळ सोडते आणि दाराच्या फटीतून बघत उभी राहते. पाण्याचा आवाज पुरेसा वेळ ऐकला की अण्णा भाकरीचा तुकडा मोडतात, आणि तो आधी समोरच्या ताटात ठेवतात.